चार रंगांची तेरणा

बनसोडे सर कुठलंही चित्र एक डोळा मिटूनच बघायचे. आधी पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागं सरकायचे, मग डावा डोळा मिटायचे. एकदा एसटी स्टँडवर बिडीची जाहिरात बघताना असेच मागं सरकत गेले आणि थेट भज्यांच्या गाड्यावर जाऊन आदळले. कळंबच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी विज्ञान. माणूस मूळचा तेरचा, आवाज खणखणीत, आणि शर्टाच्या खिशाला कायम कुठल्या तरी रंगाचा डाग.

ऐंशीच्या दशकातल्या त्या दुष्काळात शाळेच्या नळाला पाणी नव्हतं, पण सरकारी योजनेतून कॉम्प्युटर मात्र आला. सोबत रंगीत टीव्ही आणि एक टेपरेकॉर्डर. मी त्याचं थोडंफार प्रशिक्षण घेऊन आलेलो, म्हणून ताबा माझ्याकडे. हेडमास्तरांनी जाहीर केलं, की कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, तेव्हा विज्ञान प्रदर्शन झालं की चित्रकलेची खोली त्याला द्यायची; चित्रकला काय, व्हरांड्यातही होते! सरांनी ती खोली वर्षानुवर्षं पोरांच्या चित्रांनी मढवली होती. मला वाटलं, आता हे माझ्याशी बोलणं टाकणार. तर दुसऱ्या दिवशी सर आलेखाचे कागद काखेत मारून माझ्यासमोर हजर.

"सर, ह्या तुमच्या डब्यात चित्र काढता येतं का न्हाय?"

"येतं. पण चौकोनाचौकोनानं. आणि एका वेळी चारच रंग."

"चार? लई झाले की! आमची खोली जाणार म्हणता. मंग हेडमास्तरांस्नी दावू, की ह्या डब्याला बी चित्रकार लागतो."

जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी मी एक खेळ लिहायला घेतला होता. बाणाच्या बटणांनी एक छोटा माणूस चालवायचा आणि तेरच्या जुन्या टेकाडात पुरलेला सोन्याचा हंडा शोधायचा. माणूस चालत होता, पण काळ्याकुट्ट पडद्यावर. देखावा नव्हता. तो सरांनी घेतला. मधल्या सुट्टीत ते कागदावर एकेक चौकोन रंगवायचे आणि मी ते मशीनमध्ये भरायचो. नाक कागदाला लावून मी "हे काय?" विचारलं, की ठरलेलं उत्तर यायचं, "जवळून समदे चौकोनच असत्यात सर. मागं व्हा, मंग गाव दिसंल."

खरं भांडण झालं ते निळ्यावरून. मी म्हटलं, तेरणा नदी दाखवायची तर तांबडा काढून निळा घेऊ. सर उसळलेच.

"तेरच्या विटा तांबड्या, वाळू पिवळी. निळं कुठं दिसलं तुमाला तेरणंत? म्या परवाच जाऊन आलो. बाया वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी काढायल्यात. जे हाय तेच काढणार!"

नदी पिवळीच राहिली. मधोमध काळा झिरा आणि त्याच्या काठावर रिकामी घागर.

उस्मानाबादला प्रदर्शनात आमच्या टेबलाभोवती ही गर्दी, आणि तिथंच आमची फजिती झाली. ज्याच्या हाती बटण येई तो माणसाला थेट झिऱ्यापाशी नेऊन उभा करी. पोरी असोत की पोरं, हंड्याकडे कोणी फिरकेना. झिऱ्यापाशी काही घडेल असं मी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे माणूस तिथं नुसता ताटकळत उभा. परीक्षक जेवणानंतर येणार होते. हेडमास्तर घाम पुसत म्हणाले, "बनसोडे, तुमच्या चित्रानं खेळाचा बट्ट्याबोळ केला. तो झिरा आधी पुसा!"

आता खोली गेलीच म्हणायची. सर मात्र मागं सरकले, डोळा मिटला आणि पडद्याऐवजी पोरांकडेच बघत राहिले.

"पुसायचं न्हाय," ते म्हणाले. "पोरं बरोबर चालल्यात. सर, सोनं ऱ्हाऊ द्या तिकडं. त्यांची घागर भरून द्या."

जेवणाचे डबे न उघडताच आम्ही कामाला लागलो. सर शेजारी बसून चौकोन सांगत गेले, मी प्रोग्रामच्या ओळी वाढवत गेलो. परीक्षकांसमोर एका मुलीनं माणूस झिऱ्यापाशी नेला. घागरीत पांढरे चौकोन चढू लागले, ती काठोकाठ भरली आणि पोरांनी असा काही गलका केला, की शेजारच्या टेबलावरचा मातीचा ज्वालामुखी बघणारे सगळे आमच्याकडे धावले.

"हा देखावा कोणी काढला?" परीक्षकांनी विचारलं.

"आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी," हेडमास्तर छाती फुगवून म्हणाले. "त्यांना आम्ही स्वतंत्र खोली दिलेली आहे."

सर तेवढ्यात खाली वाकून चपलेचा अंगठा चाचपू लागले. त्यांचे खांदे हलत होते.

चारचौघांत बोललेला शब्द हेडमास्तरांना फिरवता येईना. खोली चित्रकलेचीच राहिली आणि कॉम्प्युटरला तिचा एक कोपरा मिळाला. लाईट गेली की पडदा काळा व्हायचा आणि सर भिंतीवर लावलेल्या आलेखाच्या कागदाकडे बोट दाखवायचे, "आमची तेरणा हाय की हितं!"

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सर गेले. मला ते फार लागलं. तेरला त्यांच्या घरच्यांना भेटून परत आलो आणि घरी न जाता शाळेत गेलो. कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला होता. खोलीत पोरांची ओली चित्रं वाळत पडली होती, आणि भिंतीवर तो कागद तसाच होता. जवळ गेलो तर नुसते चौकोन. मागं सरकत सरकत दारापर्यंत आलो आणि डावा डोळा मिटला. विटा दिसल्या, वाळू दिसली, टेकाड दिसलं. हंडा कुठं पुरलाय हे माझ्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक असणार? तरी माझी नजर आधी झिऱ्याकडेच गेली.