वर उडवलेली किल्ली

समोरच्या इमारतीतल्या बाईंनी काल संध्याकाळी गॅलरीतून खाली उभ्या असलेल्या नवऱ्याला स्कूटरची किल्ली टाकली. "झेला हं!" म्हणत त्यांनी ती आधी जरा वर उडवली. किल्ली वर गेली, क्षणभर थबकल्यासारखी झाली आणि वळण घेत खाली निघाली.

कॉलेजात मी आयुष्यभर हेच शिकवलं. सर्वांत उंच जागी वर जाण्याचा वेग शून्य होतो, पण त्वरण शून्य होत नाही. पृथ्वीची ओढ तिथंही तेवढीच असते. मुलांना हे लवकर पटायचं नाही. "सर, थबकलेल्या वस्तूला कसली ओढ?" एका मुलीनं विचारलं होतं.

माझी बायको सुधा गेली, त्याला आता बरेच दिवस झाले. लोक म्हणतात, "सर, सावरलात हो तुम्ही." मी मान हलवतो. बाहेरून तसंच दिसत असेल.

नवऱ्याच्या हातून किल्ली निसटली आणि थेट तुळशीच्या कुंडीत पडली. "इतकी वर्षं झाली, एकदा तरी झेला!" बाई वरून ओरडल्या आणि दोघंही हसत सुटले. मलाही हसू आवरेना. "अगं, बघितलंस का?" म्हणत मी घरात वळलो, आणि दारातच उभा राहिलो.