पिशवी काढून टाक

"मागं वळ."

ज्यांच्या घरी मी स्वयंपाकाला होते, त्या वहिनी एवढंच म्हणाल्या. माझ्या हातात लाटणं होतं, तव्यावर पुरणपोळी फुगत होती. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. बाहेर सवाष्णी बसलेल्या, त्यातल्या दोघी-तिघी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या.

"वळ म्हणते ना."

मी वळले. वहिनींनी माझी साडी मागून बघितली. दारातल्या बायकांनीही बघितली. डाग होता.

"शी! नैवेद्याच्या स्वयंपाकात? लाज कशी वाटली नाही तुला?"

मला खरंच कळलं नव्हतं. सकाळपासून कंबर दुखत होती, मला वाटलं उभं राहून दुखतेय. मग एकाएकी अंगातून अशी आग निघाली की डोळ्यांपुढे अंधारी आली. मी घागरीतलं तांब्याभर पाणी सरळ डोक्यावर ओतलं. त्या आवाजानं वहिनी आत आल्या होत्या. आधी पाण्यावरून ओरडल्या, मग त्यांना डाग दिसला.

दोन्ही गुन्हे माझ्या अंगानं केले होते. मी नाही.

त्या घरात माझ्या पाळीचा एक नियम होता. पाळी आली की पुढच्या दारानं यायचं नाही. मागच्या फाटकापाशी उभं राहून सांगायचं, "वहिनी, आज मी बाहेरची." मग त्या दिवसांत अंगण झाडायचं, गोधड्या आपटायच्या, स्वयंपाकघराची पायरी चढायची नाही. मी वर्षानुवर्षं इमानानं सांगत आले. पण पंचेचाळिशी गाठली आणि अंगानं वेळ पाळणंच सोडलं. कधी दोन-दोन महिने काही नाही, कधी पंधरा दिवसांत पुन्हा. आणि आली की थांबायचं नाव नाही. आधी सांगू तरी काय? वहिनींच्या लेखी मी खोटारडी ठरले.

पुरण, पोळ्या, भाज्या, सगळं त्यांनी डब्यांत भरलं. "आता हे देवीला चालायचं नाही. तुझ्या घरी घेऊन जा."

देवीला न चालणारं माझ्या नातवाला चालणार होतं. नेलं मी. दुष्काळ बघितलेली माणसं आम्ही, अन्न टाकून यायची आमची ऐपत नव्हती. नातू बोटं चाटत जेवला. मी त्यातलं काही खाल्लं नाही.

आम्ही मूळचे सोयगावकडचे, मेंढरंवाले. लागोपाठ दुष्काळ पडला, चारा संपला, विहिरी आटल्या, मेंढरं विकून टाकली. आम्ही नवरा-बायको पोरांना घेऊन औरंगाबादला आलो. नवरा बांधकामावर वॉचमन झाला, मी पोळ्या लाटायला लागले. शहर नुसतं फुगत होतं. रोज नवी बिल्डिंग, तिच्या दारात टँकर. आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत मात्र आठवड्यानं नळ यायचा. रक्ताचे कपडे धुवायला पाणी नसायचं. वास लपवत, चोरासारखे कोपऱ्यात गुंडाळून ठेवायचे आणि नळाची वाट बघायची. हे कुणाला सांगणार?

महालक्ष्म्या उठल्यावर वहिनींनी मला बोलावलं. आवाज एकदम गोड.

"भावजींच्या दवाखान्यात जा. मी बोलून ठेवलंय, खर्चाचं आम्ही बघतो. पिशवी काढून टाक. तुझी पोरं झाली, नातू झाला. आता ती ठेवून काय करायचीय? तुझे ते हाल मिटतील आणि माझं डोकंही शांत राहील. नाहीतर तूच सांग, सणावाराच्या घरात तुझं काम कसं ठेवू?"

भावजी म्हणजे त्यांचे दीर. बायकांचे डॉक्टर.

पिशवी काढणं म्हणजे काय, ते मी घरात बघितलं होतं. माझी धाकटी जाऊ ऊसतोडीला गेली. मुकादमाला पाळीचे दिवस परवडत नव्हते. ऐन तिशीत तिनं पिशवी काढली. आता माझ्याहून दहा वर्षांनी लहान असून जमिनीवरून उठताना भिंत धरते. दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, "अक्का, तवा वाटलं सुटले. आता हाडं बोलत्यात. अंग पेटतं, झोप नाय. पिशवीसंगं अजून काय काय काढलं, तेबी मला कुणी सांगितलं नाय."

तरी मी गेले. काम जाईल या भीतीनं गेले, खोटं कशाला सांगू?

डॉक्टर मोबाईलमध्ये बघत होते. वय विचारलं. पोरं किती विचारलं. रक्त किती जातं विचारलं. मी लाजत लाजत सांगितलं. ते म्हणाले, "काढून टाकू. सोमवारी उपाशीपोटी या."

झालं. पोटाला हात लावला नाही. मेंढरू चरायचं थांबलं तर माझा बाप आधी त्याच्याजवळ बसायचा, पोट चाचपायचा, पापणी उलटून बघायचा. इथं मला बसायलाही कुणी सांगितलं नव्हतं.

मी दारापर्यंत गेले आणि मला गेला उन्हाळा आठवला. हेच डॉक्टर वहिनींना बघायला घरी आले होते. वहिनींचंही असंच चाललं होतं. पाळीचा मेळ नाही, अंगातून वाफा, उगाच रडू. चहा मीच नेला होता. तेव्हा हे कसे मायेनं बोलत होते! "वहिनी, घाबरू नका. या वयात हार्मोन्स वर-खाली होतात. रक्त तपासू, थायरॉईड बघू, सोनोग्राफी करू. पिशवीला लगेच हात लावायचा नसतो. तुम्ही आराम करा." त्यानंतर वहिनींच्या खोलीत कूलर आला. दुपारी त्यांची झोप मोडू नये म्हणून मी भांडी आवाज न करता घासायची.

मी परत टेबलापाशी आले.

"डॉक्टरसाहेब, येक विचारू?"

"विचारा."

"वहिनींची का नाय काढली?"

मोबाईल खाली आला. त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

"त्यांची केस वेगळी आहे."

"काय वेगळी हाय? त्यांचं बी असंच चाललंय. तुम्ही घरी आलते तवा मी तिथंच व्हते. त्यांना तपासू म्हणलात. माझी न बघताच काढायची?"

"हे बघा, तुम्हा लोकांना परत परत यायला जमत नाही. एकदा काढली की कटकट मिटते."

"कुणाची कटकट?"

शेजारची नर्स म्हणाली, "ए बाई, साहेबांशी नीट बोल."

"नीटच बोलतेय. मी नाय काढणार. आधी तपासा, मग बोला."

"तपासत बसायचं असेल तर सरकारी दवाखान्यात जा."

"जाते."

बाहेर आले. पायरीवरच बसले. हातचं काम गेलं हे कळत होतं. आणि तरी इतकं मोकळं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात रांगच रांग. हेलपाटे घातले. पण तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला. "मावशी, सैल सोडा," म्हणाल्या. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. वाईट काही निघालं नाही. अंगात रक्त मात्र फार कमी झालेलं. त्यांनी समोर बसवून सांगितलं, "पाळी जायच्या वयात हे होतं. वाफा येतात, झोप मोडते, रडू येतं, चिडचिड होते. रक्त जास्त जातं त्यावर औषध आहे. पिशवी काढायची गरज असती तर मीच सांगितलं असतं."

मी तिथंच रडले. मला वाटत होतं मला वेड लागलंय. रात्री उठून बसायची, नवऱ्यावर खेकसायची, सुनेवर डाफरायची, मग एकटीच रडायची. एवढी वर्षं त्या घरात राबले, वहिनींना हे सगळं ठाऊक होतं, त्यांच्याच अंगात तेच चाललं होतं. एका शब्दानं त्यांनी मला सांगितलं नाही. डागापेक्षा हे जास्त लागलं.

वहिनींनी दुसरी बाई ठेवली. मी कामगारांच्या एका खाणावळीत भाकरी थापायला लागले. अंग पेटलं की बाहेर येऊन वाऱ्याला उभी राहते, घाम पुसते, परत आत जाते. कुणी विचारत नाही. औषधानं रक्त आटोक्यात आलं. मग पाळी आपली आपण गेली.

परवा वहिनींचा फोन आला. महालक्ष्म्या जवळ आल्यात.

"तुझ्यासारखं पुरण कुणाला जमत नाही गं. तुझं आता बंद झालं असेल ना? मग ये की. आता काही अडचण नाही."

मी म्हणाले, "व्हय, बंद झालं. पर वहिनी, चालू व्हतं तवा मी घाण नव्हते. आता बंद झालं म्हून पवित्र बी झाले नाय. मी येणार नाय."

मग मीच विचारलं, "तुमचं कसं हाय? वाफा थांबल्या का?"

वहिनींनी फोन ठेवून दिला.

उद्या खाणावळीतल्या माझ्या सोबतिणीला घेऊन दवाखान्यात जायचंय. चाळिशीची आहे, तिलाही कुणीतरी न तपासता पिशवी काढायला सांगितलंय. ती घाबरलीय, डॉक्टरसमोर तिचं तोंड उघडत नाही. माझं उघडतं. काढायची गरज असेल तर काढू, आम्ही काही अडाणी हट्ट करणार नाही. पण आधी तपासा, आणि का काढायची ते आमच्या तोंडावर सांगा. त्याशिवाय मी तिला टेबलावर झोपू देणार नाही.