बालाजीच्या नोट्स

आमच्या लातूरच्या अभ्यासिकेत बोलायला बंदी. त्यामुळं दिवसभर दाबलेलं सगळं संध्याकाळी चहाच्या टपरीवर बाहेर पडायचं, आणि किस्से साचत जायचे. हसायचे म्हणून सांगतो. हसू येईलच असं नाही!

*

अभ्यासिकेची एक पद्धत होती. सिलेक्शन झालं की भिंतीवर पेंटरकडून नाव लिहून घ्यायचं आणि पुस्तकं मागच्यांना वाटून टाकायची. परत मात्र घ्यायची नाहीत, अपशकुन! मुरुडच्या बालाजीचं मराठा कोट्यातून क्लार्क म्हणून सिलेक्शन झालं. राज्यघटनेच्या नोट्स त्यानं मुदखेडच्या सिद्धार्थला दिल्या.

"घे गड्या, मला आता काय करायच्यात?"

*

नियुक्तिपत्र यायच्या आत कोर्टानं तो कोटाच रद्द केला. आरक्षणाची पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडली म्हणून! गावात सत्कार तर होऊन गेला होता. बालाजी शेताकडं निघाला की म्हातारे हाक मारायचे, "साहेब, कवा जॉइन व्हनार?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, म्हणून जास्त लागायचं.

*

बालाजी परत अभ्यासिकेत आला, भिंतीवरच्या स्वतःच्याच नावाखाली बसायला. सिद्धार्थनं गुपचूप नोट्स त्याच्या पुढ्यात ठेवल्या. अपशकुन गेला उडत! बालाजीनं पान उघडलं. त्याच्याच अक्षरात, लाल पेननं: "पन्नास टक्के मर्यादा. व्हेरी इम्पॉर्टंट. हमखास येतो!"

*

टपरीवर एकानं सिद्धार्थला डिवचलं, "तुमचं बरं हाय बाबा, जागा राखीव!"

"हाव," सिद्धार्थ म्हणाला. "जागा लई हायत. जाहिरात न्हाई."

सगळ्यांत आधी बालाजीच हसला. कितीतरी महिन्यांनी.

*

अखेर जाहिरात निघाली. पण कोट्याबरोबर वयाची सवलतही गेली होती, त्यामुळं ही परीक्षा बालाजीची शेवटची. सेंटर नांदेडला. पेपर उघडला, तर तोच प्रश्न! बाहेर येताच सिद्धार्थ ओरडला, "बाल्या, तुझ्या नोट्समधला आला की रे!" बालाजीनं उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी घडी करून खिशात घातली.

निकाल लागला. सिद्धार्थ पास. बालाजी एका मार्कानं गेला. माझा विश्वास बसेना. ती कार्बन कॉपी घेऊन मी एकेक गोल तपासला. प्रत्येक प्रश्नाचा एक गोल काळा केलेला. त्या प्रश्नाचे तेवढे चारही कोरे.

"अरे, हे तर तुला पाठ व्हतं!"

"हाव," बालाजी म्हणाला. "पाठ व्हतं."