सहक्षेपित म्हणजे का वं?

कामिनी रंगारीचा पाय काही केल्या एका जागी ठरेना. कार्यक्रम साडेसहाचा, आणि नंदनवन वस्तीतल्या घरातून बाई तीनलाच निघाली. रेडिओ केंद्राच्या व्हरांड्यात तीनदा पाणी प्यायली, चारदा हातातला कागद वाचला, आणि त्यातल्या एका शब्दावर दर वेळी अडखळली.

अठरा वर्षं ती शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाची हंगामी निवेदिका. महिन्याला सहा पाळ्या, नोकरी कायमची नाही. पण काटोलपासून उमरेडपर्यंत लोक तिचा आवाज ओळखत. गारपीट कुठं, कपाशीवर अळी कोणती, ते तिनं सांगावं अन् त्यांनी ऐकावं. आता वरून आदेश आला होता: इथला कार्यक्रम बंद करा, खर्च झेपत नाही, जाहिराती येत नाहीत. अरे, जाहिराती याव्या म्हणून का सरकारनं रेडिओ काढला होता? पण विचारतो कोण!

अधिकारी प्रमोदिनी मॅडम वाईट नव्हती, घाबरट होती. "लिहिलंय तेवढंच वाच," ती म्हणाली. "एक शब्द इकडचा तिकडे नको, नियम आहे. निमूट वाचलंस तर गाण्यांच्या पाळ्या तुला देता येतील."

कामिनीनं मान हलवली. त्या पाळ्या तिला हव्याच होत्या. खोटं कशाला बोला, माईकशिवाय तिला करमतच नव्हतं.

लाल दिवा लागला. "उद्यापासून हा कार्यक्रम मुख्य केंद्रावरून सहक्षेपित करण्यात येईल," तिनं वाचलं. अक्षर चुकलं नाही. मग नेहमीसारखे फोन घेतले. पहिलाच प्रयागबाईचा, कोंढाळीजवळच्या खेड्यातून. दर मंगळवारी ठरलेला.

"कामिनी, ते सहक्षेपित का असते वं? नवीन औषध हाय का फवाराचं?"

काचेपलीकडे मॅडम मानेनं नाही-नाही करत होती. कामिनीला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. अठरा वर्षं या बाईनं विचारलं अन् आपण खरं सांगितलं. आजच थातूरमातूर काय सांगायचं?

"औषध नाही, प्रयागबाई," ती म्हणाली, आणि माईकवर कधी न बोललेली घरची बोली तोंडात आली. "आमचा कार्यक्रम बंद करून राहिले. उद्या दुसरं कोणी बोलन. तुमचा फोन इथं लागत नाही मंग."

पलीकडे प्रयागबाईनं कोंबड्यांना हाकललं.

"तं मले आजच सांग," प्रयागबाई म्हणाली. "पऱ्हाटीचे पानं लाल होऊन राहिले. का फवारू?"

कामिनीनं कागद उपडा केला. मॅडमकडे न बघता कपाशीच्या लाल पानांवरच्या औषधाचं नाव सांगितलं, पंपाला किती टाकायचं ते सांगितलं. सावकाश, दोनदा. तिसऱ्यांदा विचारायला उद्या जागा नव्हती.