पावण्याचा झिरा

१२ एप्रिल १९६२, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. पावण्याच्या डोंगरावर आमच्या दगडखाणीत सुरुंगांची पहिली रांग उडून तास झाला होता. दुसऱ्या रांगेची अकरा होल्स भरून तयार होती. होल म्हणजे कातळात पाडलेले खोल छिद्र. त्यात सुरुंगाची दारू भरून वर माती ठासतात. त्या ठासणीला स्टेमिंग म्हणतात. सर्व्हे आणि ब्लास्टिंग, दोन्ही माझ्याकडे होते.

रिकामे हंडे घेऊन सात-आठ बायका वर आल्या. पुढे जनाबाई नावाची म्हातारी होती.

"सायेब, झिऱ्याचं पानी निम्म्यावर आलंय. तेपन गढूल."

"कोणता झिरा? या डोंगरावर पाणी नाही."

"सायबाला हंडा द्या गो डोक्यावर," मागून एक तरुण बाई म्हणाली. "वाट आपसूक सापडंल."

त्यांच्यामागून उतरलो. करवंदीच्या जाळीआड कातळातून गोडे पाणी पाझरत होते. गावच्या विहिरी खाडीमुळे मचूळ. पिण्याचे पाणी एवढेच.

सर्व्हेच्या वेळी मी चावडीवर बसून पाण्याच्या जागा विचारल्या होत्या. पुरुषांनी फक्त विहिरी सांगितल्या होत्या. आता पाटलांना जाब विचारला.

"तिथं बाया न्हातात, सायेब. आमी पुरुष तिकडं फिरकत नाय. परक्याला कसं सांगनार?"

तडक खाणीच्या चीफ इंजिनिअरकडे गेलो.

"सर, दुसरी रांग थांबवू या. उरलेले पाणी वाचेल."

"नकाशात झिरा आहे?"

"नाही. चूक माझी आहे."

"मग ती आज निस्तरू नका. भरलेली होल्स ठेवणार कुठे?"

भरलेले होल तसे सोडत नाहीत, हा नियम खरा. स्टेमिंग पाण्याने धुऊन ते रिकामे करता येते, हेही खरे. दोन दिवस मोडले असते. हे दुसरे मी बोललो नाही.

चार वाजता इशाऱ्याची शिट्टी दिली. जनाबाई झिऱ्यापाशी बसून वाटीने हंडा भरत होती.

"येवढा भरू दे," ती म्हणाली.

भरू दिला. मग तिला दूर नेले आणि सुरुंग उडवले.

पाच वाजता झिऱ्यात चिखल होता. तो पुन्हा वाहिला नाही. बायका डोंगर ओलांडून पाण्याला जाऊ लागल्या. जनाबाईला ते दोन उन्हाळेच जमले.

पाण्याची जागा पाणी भरणारीला विचारावी. मला हे कळले तेव्हा उपयोग नव्हता.

त्या संध्याकाळी खाणीवर परतून शॉट रजिस्टर, म्हणजे सुरुंगांची नोंदवही, भरले : होल्स अकरा, मिसफायर (न उडालेला सुरुंग) नाही, इजा नाही. खाली सही केली.