तिसऱ्या कडव्यातली किंकाळी

माझ्या मोठ्या मावशीला एका गाण्याची चीड आहे. ते कुठेही लागलं की ती उठून रेडिओ बंद करते, मग रेडिओ कोणाच्याही घरचा असो. एकदा बँकेत पुढच्या माणसाच्या फोनवर तेच गाणं वाजलं. मावशीने त्या अनोळखी गृहस्थाला सुनावलं, "आधी ते बंद करा, मग रांगेत उभे राहा." तो बिचारा घाबरून रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

गाणं साठ सालानंतरचं, सगळ्यांच्या ओठांवरचं. एक मुलगी खिडकीत बसून कोणाची तरी वाट बघते. तिसऱ्या कडव्यात तो येतो आणि ती आनंदाने किंचाळते. ती किंकाळी म्हणजे त्या गाण्याचा जीव, असं लोक म्हणतात. ती किंकाळी माझ्या मावशीची आहे, आणि आनंदाची नाही.

मावशी तेव्हा एकवीस वर्षांची होती. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीत टायपिस्ट. मिनिटाला साठ शब्द, एकही चूक नाही. साहेब मजकूर सांगून संपवायचे तेव्हा हिचा कागद मशीनमधून बाहेर आलेला असायचा. ऑफिस वरच्या मजल्यावर, रेकॉर्डिंगची खोली खाली. एका दुपारी संगीतकार जिना चढून वर आला. कोरसमधली एक मुलगी आजारी पडली होती.

"टाळ्या वाजवता येतात ना?" त्याने मावशीला विचारलं.

"टाळ्या कोणाला येत नाहीत?"

"मग चला."

खोलीत एकच माइक टांगलेला आणि त्याच्याभोवती पंधरा माणसं खेटून उभी. मावशीच्या वाट्याला पियानोशेजारची जागा आली. आवाज मोकळा यावा म्हणून पियानोचं भलंमोठं झाकण काठीचा टेकू देऊन वर उचललेलं होतं. संगीतकार स्वतः पियानोवर होता. दुसऱ्या कडव्यातल्या टाळ्या झाल्या आणि मावशीने उजवा हात पियानोच्या कडेवर ठेवला. तिसऱ्या कडव्यात हा गृहस्थ रंगात आला. ड्रमवाल्याला खूण करायला उभा राहून पुढे वाकला, कोपराचा धक्का बसला, काठी सटकली आणि झाकण मावशीच्या दोन बोटांवर आलं.

ती किंचाळली.

ड्रमवाल्याला वाटलं, ही पोरगी रंगली. त्याने जोरात ठेका धरला. गाणारीला हसू फुटलं आणि ती हसत हसतच पुढची ओळ गायली. शेजारच्या व्हायोलिनवाल्याने झाकण उचललं. आणि मावशीने काय करावं? रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून तिने रुमाल तोंडात कोंबला आणि गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

"तेव्हा मला वाटलं, माझ्यामुळे पंधरा माणसांची मेहनत वाया जायला नको," ती आम्हाला सांगायची. "मूर्ख होते मी! दोन शिव्या घालायला हव्या होत्या, म्हणजे रेकॉर्डवर त्याही आल्या असत्या."

टेप पुन्हा वाजवली तेव्हा संगीतकार नाचायचाच बाकी राहिला. "हेच ठेवा! असं पुन्हा होणे नाही!" मावशी तेव्हा बाहेरच्या नळाखाली हात धरून बसली होती. तिला दवाखान्यात नेलं ते व्हायोलिनवाल्याने.

बोटं वाकडी जुळली. एक पूर्ण आखडलं, दुसरं अर्धवट. साठ शब्दांचे पंचवीस झाले. चार महिने साहेबांनी वाट बघितली, मग तिला पॅकिंग खात्यात पाठवलं. रेकॉर्ड कागदी पाकिटात घालायची, पाकीट खोक्यात लावायचं. सगळ्यात जास्त मागणी कुठल्या रेकॉर्डला होती, ते वेगळं सांगायला नको. स्वतःच्या किंकाळीच्या हजारो प्रती मावशीने स्वतःच्या हातांनी पाकिटात भरल्या. पाकिटावर गीतकार, संगीतकार, गायिका, वादक, सगळ्यांची नावं होती. किंकाळीचं नाव नव्हतं. कंपनी बंद पडेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, ती त्याच खात्यात होती.

पुढे ते गाणं ज्याला त्याला गावंसं वाटू लागलं. हॉटेलातल्या बँडने वाजवलं, त्यात किंकाळी ट्रम्पेटने काढली. कोणी नाचायला सोपं केलं. कोणी इतकं संथ केलं की किंकाळीचा उसासा झाला. शाळकरी पोरांच्या वृंदाने गायलं तेव्हा चाळीस पोरं एकदम किंचाळली. बिस्किटाच्या जाहिरातीत तर एक बाई बिस्कीट चावून किंचाळते. आणि दर नव्या आवृत्तीबरोबर संगीतकाराची मुलाखत ठरलेली. एकदा म्हणाला, ती किंकाळी मला स्वप्नात सुचली. एकदा म्हणाला, ती समुद्रपक्ष्याच्या आवाजावरून घेतली.

"एक पक्षी आणून त्याच्या पायावर झाकण पाडा म्हणावं," मावशी म्हणाली.

हे सगळं आम्ही घरातले मोठे जाणून होतो. माझ्या लेकीला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या कॉलेजच्या ग्रुपने स्पर्धेसाठी नेमकं तेच गाणं निवडलं. एका रविवारी सकाळी ती आरशासमोर उभी राहून किंचाळायचा सराव करत होती, आणि मावशी आमच्याकडे राहायला आलेली.

"आजी, ऐक ना. पहिली चांगली वाटते की ही?"

मावशीने हातातला कप खाली ठेवला. "इकडे ये. हात दे तुझा." लेकीची बोटं तिने आपल्या वाकड्या बोटांत धरली आणि सगळं सांगितलं. पोरगी रडली नाही, संतापली. "आणि तू साठ वर्षं गप्प बसलीस?"

"गप्प कुठे? सांगत होतेच. ऐकायला कोणी टाळ्या थांबवेल तर ना!"

त्याच महिन्यात गाण्याला साठ वर्षं झाली म्हणून संगीतकाराचा सत्कार होता. लेकीने तिकिटं आणली. आम्ही तिघी गेलो. सात गायिकांनी एकामागून एक तेच गाणं गायलं. सात किंकाळ्या. प्रत्येक किंकाळीला मावशीची पकड माझ्या मनगटावर घट्ट होत गेली. मग नव्वदीला टेकलेला संगीतकार माइकवर आला. "कोरसमधल्या एका मुलीला मी सांगितलं, समज, तुझा प्रियकर अचानक दारात उभा आहे. आणि काय सांगू, पोरगी अशी लाजून किंचाळली..."

मावशी उठली. मी हात धरायच्या आत ती पायऱ्या चढून मंचावर पोचली होती. संगीतकाराने हसून खिशातून पेन काढलं. सही हवी असेल असं वाटलं त्याला.

"सही नको," मावशी म्हणाली. "हे बघा." तिने उजवा हात त्याच्या तोंडासमोर धरला.

तो बघत राहिला. माइकपासून तोंड वळवून हळूच म्हणाला, "टायपिस्ट?"

म्हणजे त्याला सगळं आठवत होतं! इतकी वर्षं आम्ही समजत होतो, विसरला असेल.

"अहो, पण गाणं तुमच्यामुळेच चाललं," तो कुजबुजला. "अशा गोष्टी लोकांना आवडतात."

मावशीने माइक ओढून घेतला. "मी लाजले नव्हते. यांनी माझ्या बोटांवर पियानोचं झाकण पाडलं आणि मला दवाखान्यात न्यायचं सोडून टेप ऐकत बसले. ते प्रियकर-बियकर सगळं खोटं आहे."

मग लोकांनी टाळ्या वाजवल्या! लोक उभे राहिले. संगीतकाराने संधी साधून तिचा हात हातात घेतला, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी पेपरात खाली ओळ होती: 'जुन्या सहकाऱ्यांची हृद्य भेट'. मावशीने पेपरच्या ऑफिसात फोन करून अशी काही हजेरी घेतली की आठवड्याने चार ओळींचा खुलासा आला, आतल्या पानावर, क्रिकेटच्या पंचांच्या संपाच्या बातमीखाली.

दोन महिन्यांनी एका नव्या गायिकेचा फोन आला. ती गाणं पुन्हा करत होती. गोड आवाजात म्हणाली, "किंकाळी तुम्हीच द्याल का? तुमचा सन्मान म्हणून?"

"परत ओरडू? माझी उरलेली आठ बोटं बघून विचारतेस का?" मावशी अर्धा तास तिला झापत होती. पोरीने फोन ठेवला नाही, सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "मग त्या जागी काय करू?"

"काही करू नकोस. ती जागा तुझ्या बापाची नाही."

पोरीने खरंच काही केलं नाही. तिसऱ्या कडव्यात सगळी वाद्यं थांबतात, चार ठेके नुसती शांतता, मग गाणं पुढे जातं. ते फारसं चाललं नाही. इंटरनेटवर गाण्याखाली लोकांनी लिहिलं, मजा गेली, मूळ गाण्याची वाट लावली, किंकाळी कुठे आहे?

लेकीने ते वाचून दाखवलं तेव्हा मावशी रागाने लालबुंद झाली. "लिही," ती म्हणाली, "मी सांगते तसं एकेकाला उत्तर लिही." दुपारभर ती सांगत होती आणि लेक लिहीत होती. त्यातले दोन शब्द लिहायला लेकीने साफ नकार दिला. त्यावरून दोघींचं जे भांडण जुंपलं, ते मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.