बेलार्मिनोचं मूळचं इंजिन

आमच्या मातान्सास गावात जुन्या गाडीचा मालक एक वेळ बायकोचं वय खरं सांगेल, इंजिनचं सांगणार नाही. मी कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनला हवा-पेट्रोल मिसळून पाजणारं यंत्र, बसवतो. घरामागच्या पत्र्याच्या छपराखाली अमेरिकन, रशियन, पोलिश, सगळ्या जातींचे कार्ब्युरेटर फळ्यांवर मांडलेले आहेत. माझा नियम एकच. मालकाने आधी खरं बोलायचं, मग मी फळीला हात लावणार. कार्ब्युरेटरच्या बुडाची भोकं मी नजरेने जुळवीन, पण इंजिन हवा किती ओढतं आणि पेट्रोल किती पितं हे त्याच्या पोटात काय काय भरलंय त्यावर ठरतं, आणि ते भरणाऱ्यालाच ठाऊक असतं. चुकीचा बसला तर गाडी धूर ओकते किंवा चढावर मान टाकते, आणि शिव्या मी खातो. पाद्रीबाबांनी ऐकल्या नसतील एवढ्या कबुल्या मी ऐकल्या आहेत.

कबुली दिली नाही ती एकट्या बेलार्मिनोने. हा आमच्या गल्लीतला निवृत्त न्हावी. मिशा कोरलेल्या, बूट चकचकीत, आणि दाराशी बापाची निळी शेव्हरोले, बावन्न सालची. ‘सगळं मूळचं आहे,’ हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मलाही सांगायचा, याची मला कमाल वाटते. कारण बापाच्या पश्चात मूळचं इंजिन कायमचं बंद पडलं तेव्हा रशियन व्हॅनचं इंजिन गल्लीतल्या लोकांनी खांद्यावरून आणलं होतं आणि त्यातला एक खांदा माझा होता. तो अजून दुखतो. नंतर त्याने त्यात काय उपद्व्याप केले देव जाणे. बॉनेटला त्याने कुलूपच लावलं.

उतारवयात बेलार्मिनो प्रेमात पडला. बाई औषधांच्या दुकानातली, ओदाल्मिस. विधवा, बोलायला फटकळ. तिने त्याला स्पष्ट बजावलं होतं की पहिला नवरा सरळ माणूस होता, दुसरा थापाड्या चालणार नाही. त्या रविवारी तो तिला घेऊन कार्देनासला तिच्या बहिणीकडे जेवायला निघाला होता. तिथे डुकराचं मटण आणि लग्नाचा होकार, दोन्ही एकाच टेबलावर मिळायचं होतं. आणि गाडीने आमच्या गल्लीच्या तोंडाशीच राम म्हटला.

ओदाल्मिस स्टिअरिंगवर, बेलार्मिनो मागून ढकलतोय, अशी ती वरात माझ्या छपराखाली आली. कार्ब्युरेटरला चीर गेलीय, एवढं बेलार्मिनोने सांगितलं. मी बाईंना डोलखुर्ची दिली, कॉफी दिली आणि बेलार्मिनोला नेहमीचा प्रश्न विचारला.

"इंजिन कुठलं?"

"मूळचं," तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले.

मला सपाटून राग आला. म्हटलं, खांदा माझा मोडला आणि थाप मलाच? मी फळीवरून अस्सल शेव्हरोलेचा कार्ब्युरेटर काढून त्याच्या हातात ठेवला. "मग हा घे. बसव तूच." योग्य तो रशियन मी पाठीमागे लपवून धरला होता. तोच बसणार याची मला पक्की खात्री होती.

बेलार्मिनोने बॉनेट वीतभर उघडलं, आत डोकं खुपसलं आणि बराच वेळ नुसता खुडबुड करत राहिला. शेवटी आतूनच म्हणाला, "उन्हाने भोकं सरकलेली दिसतात."

ओदाल्मिसने कप खाली ठेवला.

"बेलार्मिनो, आमचे हे बेकरीची रशियन व्हॅन चालवायचे. ती पहाटे दाराशी अशीच खोकायची. तुम्ही मला पहिल्यांदा फिरायला नेलंत ना, तेव्हा पुढच्या कोपऱ्यावर मी ओळखलं."

डोकं बाहेर आलं. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होते. आता बहीण विचारेल, माणूस खरा आहे का. काय सांगू तिला?" आणि तिने बोटाने आपल्या पुढच्या दातांवर टकटक केलं. "हे माझे मूळचे नाहीत. घ्या, मी सांगितलं. आता तुम्ही."

बेलार्मिनोने रुमालाने तोंड पुसलं. रुमाल काळा झाला, अर्धी मिशी पांढरी निघाली. मला हसायला येत होतं आणि त्याची दयाही येत होती.

"इंजिन व्हॅनचं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सिलिंडर तासून मोठे केलेत. पिस्टन ट्रकचे आहेत."

मी पाठीमागचा कार्ब्युरेटर गुपचूप फळीवर ठेवला. तो बसवला असता तर पहिल्याच चढावर गाडी उपाशी मेली असती. मोठ्या तोंडाचा दुसरा काढला.

एकदा बांध फुटल्यावर बेलार्मिनो थांबेना. मिशीचा कलप, वयातून चोरलेली सहा वर्षं, गळकं छप्पर, घोरणं, सगळं त्याने ओतलं. शेवटी बाईंनीच पुरे म्हणून सांगितलं, मटण गार होईल.

गाडी सुरू झाली. थोडी खोकत होती, म्हणून मी स्क्रू फिरवायला वाकलो. ओदाल्मिसने माझा हात धरला.

"राहू द्या तो खोकला. त्याच आवाजाने मला पहाटे जाग यायची. पुढेही यावी म्हणते."

बेलार्मिनो माझ्याकडे वळला आणि हळूच विचारू लागला, काय म्हणाल्या, नीट ऐकू आलं नाही.

"गाडीत बस, गाढवा," मी म्हणालो.